५०० अंशांना तग धरणारं प्लास्टिक १६० अंशांवर का दमतं? फ्युएल सेलमधल्या मेम्ब्रेनची गोष्ट

हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेलबद्दलच्या बातम्या आणि पोस्ट वाचल्यात, तर एक दावा वारंवार दिसेल: अमुक मेम्ब्रेन ४०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, तमुक ५०० अंशांपर्यंत. हे आकडे बहुतेक वेळा खरेही असतात. पण त्याच जातीच्या मेम्ब्रेनचे फ्युएल सेल प्रत्यक्षात १६० ते १८० अंशांवर चालवले जातात आणि तिथेही ते किती वर्षं टिकतील याची चिंता असते.

मग मधले तीन-साडेतीनशे अंश गेले कुठे? मेम्ब्रेन ‘उष्णता सहन करतं’ असं म्हणताना आपण नेमकं काय मोजतो, यात याचं उत्तर आहे.

मेम्ब्रेन करतं काय?

फ्युएल सेल म्हणजे इंधन न जाळता थेट वीज देणारं यंत्र. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन. हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनमच्या कणांवर हायड्रोजन फुटतो आणि त्याचे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन वेगळे होतात. इलेक्ट्रॉन तारेतून फिरून जातात, तीच आपली वीज. प्रोटॉन मधल्या पातळ पापुद्र्यातून पलीकडे जातात आणि तिथे ऑक्सिजनला भेटून पाणी तयार होतं.

हा मधला पापुद्रा म्हणजे मेम्ब्रेन. त्याने प्रोटॉनला वाट द्यायची, पण इलेक्ट्रॉनला अडवायचं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. हे सगळं आम्लात, प्लॅटिनमच्या शेजारी, वर्षानुवर्षं करायचं. आजच्या गाड्यांतल्या फ्युएल सेलमध्ये या पापुद्र्याची जाडी साधारण १० ते २५ मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा बरीच कमी.

या कामात प्लास्टिक मार खातं हे फार लवकर लक्षात आलं होतं. १९६५ मध्ये ‘जेमिनी ५’ या अमेरिकी यानात जनरल इलेक्ट्रिकचे फ्युएल सेल होते. त्यांचं मेम्ब्रेन पॉलिस्टायरीनच्या जातीचं होतं आणि ते आतल्या आत झिजायचं. त्यानंतर ड्यूपाँट कंपनीचं नाफिऑन आलं. कंपनीतले शास्त्रज्ञ वॉल्थर ग्रोट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते विकसित केलं. नाफिऑनचा कणा टेफ्लॉनसारखा आहे, म्हणजे कार्बनभोवती फ्लोरिनचं चिलखत. आजही मेम्ब्रेनच्या जगात तुलना होते ती नाफिऑनशीच.

८० अंशांची लक्ष्मणरेषा

नाफिऑन गरम करत नेलं, तर ते विघटित व्हायला लागतं जवळपास ३०० अंशांच्या आसपास. तरीही नाफिऑनचा फ्युएल सेल ६० ते ८० अंशांवरच चालवतात. कारण नाफिऑनमध्ये प्रोटॉनची ने-आण प्लास्टिक करत नाही, त्यात मुरलेलं पाणी करतं.

टँकर आला की गल्लीत माणसं रांग लावतात आणि हंडे हातोहात पुढे सरकतात, तसं काहीसं इथे होतं. पाण्याचा एक रेणू आपल्याकडचा प्रोटॉन शेजारच्याला देतो, तो पुढच्याला. रांगेतली माणसं निघून गेली की हंडा जागच्या जागी राहतो. तापमान १०० अंशांकडे जायला लागलं की पाणी उडून जातं, मेम्ब्रेन सुकतं आणि वीज घसरते. भरीला नाफिऑन १०० ते १२० अंशांच्या पट्ट्यात मऊही पडायला लागतं.

थोडक्यात, ३०० अंशांना तग धरणारं प्लास्टिक ८० अंशांवर अडकतं, कारण त्याच्या पोटातला खरा कामगार ८० अंशांपुरताच आहे. हे लक्षात ठेवा. पुढच्या मेम्ब्रेनमध्ये कामगार बदलतो, पण गोष्ट तीच राहते.

पण तापमान वाढवायचंच कशाला?

८० अंशांवर चालतंय तर चालू द्यावं, असं वाटेल. पण त्या तापमानाला दोन मोठ्या अडचणी आहेत.

पहिली म्हणजे हायड्रोजनचा सोवळेपणा. मिथेनॉल किंवा नैसर्गिक वायूपासून काढलेल्या हायड्रोजनमध्ये थोडा कार्बन मोनॉक्साइड राहतोच. ८० अंशांवर हा वायू प्लॅटिनमला असा चिकटतो की हायड्रोजनला जागाच उरत नाही. दहा लाखांत दहा भाग एवढा अंशही त्रास द्यायला पुरतो. म्हणूनच गाड्यांसाठीच्या हायड्रोजनच्या आंतरराष्ट्रीय मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दहा लाखांत ०.२ भाग इतकी कडक आहे. इतका शुद्ध वायू तयार करणं महाग पडतं. तापमान १६० अंशांच्या वर नेलं की ही चिकटण्याची ओढ सैल होते आणि सुमारे १ टक्का, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग कार्बन मोनॉक्साइड असलेला हायड्रोजनही चालून जातो. मग मिथेनॉलपासून जागेवरच हायड्रोजन काढून वापरता येतो. अवजड सिलिंडर लागत नाही आणि शुद्धीकरणाचा मोठा संचही लागत नाही.

दुसरी अडचण रेडिएटरची. ही आपल्याकडे जास्त जाणवेल. फ्युएल सेल जवळपास जेवढी वीज देतो, तेवढीच उष्णताही तयार करतो. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता धुरासोबत निघून जाते. फ्युएल सेलच्या बाबतीत जवळजवळ सगळा भार रेडिएटरवर पडतो. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे आतलं आणि बाहेरचं तापमान यांतल्या फरकावर ठरतं. मे महिन्यात चंद्रपूरला बाहेर ४५ अंश असताना ८० अंशांच्या फ्युएल सेलला मिळतो फक्त ३५ अंशांचा फरक. १६० अंशांच्या सेलला मिळतो ११५ अंशांचा, म्हणजे तिपटीहून जास्त. युरोपात २० अंशांच्या हवेत धावणारा ट्रक आणि विदर्भातल्या उन्हात घाट चढणारा ट्रक यांचं गणित त्यामुळे एक नसतं.

आणखी एक फायदा छोटा, पण कामाचा. १०० अंशांच्या वर तयार होणारं पाणी वाफ होऊन निघून जातं, त्यामुळे सेलमध्ये पाणी तुंबत नाही आणि हवा ओली करणारं वेगळं यंत्रही लागत नाही.

अग्निशमन जवानांच्या कोटातून फ्युएल सेलमध्ये

आता पाण्याऐवजी दुसरा कामगार हवा. तो म्हणजे फॉस्फरिक आम्ल. ते १०० अंशांना उकळून जात नाही आणि फारसं पाणी नसतानाही आपसांत प्रोटॉन हातोहात पुढे सरकवतं. फॉस्फरिक आम्लावर चालणारे मोठे फ्युएल सेल आधीपासून होतेच. पण त्यांत आम्ल द्रवरूपात असतं आणि सांभाळायला किचकट. ते एखाद्या प्लास्टिकच्या पापुद्र्यात मुरवता आलं तर?

त्यासाठी हाताशी आलं पॉलिबेन्झिमिडाझोल. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे त्याला पीबीआय म्हणतात. १९६१ मध्ये हर्वर्ड व्होगेल आणि कार्ल मार्व्हेल या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी या जातीचे उष्णतारोधक पॉलिमर तयार केले. १९६७ मध्ये अपोलो १ च्या आगीत तीन अंतराळवीरांचा मृत्यू झाल्यावर नासाला न पेटणारं कापड हवं होतं आणि पीबीआयच्या धाग्याकडे लक्ष गेलं. १९८३ पासून सेलॅनीज कंपनीने त्याचं व्यापारी उत्पादन सुरू केलं. आज अग्निशमन जवानांच्या कोटांत हा धागा वापरला जातो.

पीबीआय मऊ पडायला ४२५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. त्याच्या साखळीच्या प्रत्येक कडीत आम्लाला धरून ठेवणारे दोन नायट्रोजनही असतात. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या वेनराइट, सॅव्हिनेल, लिट आणि सहकाऱ्यांनी आम्ल मुरवलेलं पीबीआय फ्युएल सेलसाठी वापरता येतं असं दाखवलं. उच्च तापमानाच्या मेम्ब्रेनचा आजचा व्यवसाय मुख्यतः त्याच शोधावर उभा आहे.

आता एक छोटा हिशेब करू. पीबीआयच्या एका कडीचं वजन ३०८ एकक आणि फॉस्फरिक आम्लाच्या एका रेणूचं ९८. चांगली वीज मिळायला एका कडीमागे दहाच्या आसपास आम्लरेणू मुरवावे लागतात. म्हणजे ३०८ एकक प्लास्टिक आणि ९८० एकक आम्ल. वजनाने पाऊण मेम्ब्रेन आम्लच झालं.

पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलिअर पॉलिटेक्निकमध्ये ब्रायन बेनिसेविच यांच्या गटाने वेगळी पद्धत काढली. पॉलिमर बनवायचं तेच दाट पॉलिफॉस्फरिक आम्लात, त्याच लगद्याचा पापुद्रा ओढायचा आणि हवेतल्या ओलाव्याने त्याचं जेल होऊ द्यायचं. यात एका कडीमागे तीस आणि त्याहूनही जास्त आम्लरेणू मावतात. मग मेम्ब्रेन नऊ दशांश आम्ल असतं. बीएएसएफचं सेल्टेक हे मेम्ब्रेन याच वाटेने आलं.

गुलाबजाम पाकात मुरतो तसं हे प्रकरण आहे. खव्याने आकार दिला, पण गोडी पाकाची. आणि कडीतले दोन नायट्रोजन दोनच आम्लरेणू घट्ट धरतात. बाकीचे आठ किंवा अठ्ठावीस नुसते आत भरलेले असतात.

मग ५०० अंशांचा आकडा येतो कुठून?

प्रयोगशाळेत एक नेहमीची चाचणी असते. पॉलिमरचे काही मिलिग्रॅम एका छोट्या ताटलीत घ्यायचे, सहसा नायट्रोजन वायूत तापवत न्यायचे आणि वजन कधी घटतं ते पाहायचं. तापमान साधारणपणे मिनिटाला १० अंश या वेगाने वाढवतात. कोरडं पीबीआय या चाचणीत ५०० अंशांच्या आसपासपर्यंत जवळजवळ जसंच्या तसं राहतं. बातमीतला आकडा तो हाच.

पण मिनिटाला १० अंश म्हणजे काय, ते पाहा. नमुना खोलीच्या तापमानापासून ५०० अंशांपर्यंत पोहोचायला पाऊण तास लागतो. त्यातला १६० ते १७० अंशांमधला मुक्काम किती? एक मिनिट. फ्युएल सेलमध्ये मात्र मेम्ब्रेनला त्याच तापमानाला २०,००० तास काढायचे असतात, म्हणजे बारा लाख मिनिटं. शिवाय चाचणीतला नमुना कोरडा, नायट्रोजनमध्ये आणि बहुधा आम्लाविना. फ्युएल सेलमध्ये आम्ल आहे, वाफ आहे, ऑक्सिजन आहे, प्लॅटिनम आहे आणि दोन बाजूंच्या पाट्यांचा दाबही आहे.

ही चाचणी निरुपयोगी आहे असं नाही. जे प्लास्टिक तिच्यात २०० अंशांनाच गळपटतं, त्याचा पुढे विचारही करायला नको. चाळणी म्हणून ती उत्तम आहे. तिच्यावरून आयुष्य सांगणं मात्र चुकीचं. आम्ल मुरवलेल्या मेम्ब्रेनची हीच चाचणी केली, तर वजनाची घसरण किती लवकर सुरू होते, हे बातम्यांत क्वचितच येतं. मुरलेलं पाणी १०० अंशांच्या आसपास जातं आणि १५० अंशांच्या पुढे आम्ल स्वतःच पाणी सोडायला लागतं.

१६० अंशांवर नेमकं काय बिघडतं?

सुरुवात या आम्लापासूनच होते. कोरड्या उष्णतेत फॉस्फरिक आम्लाचे दोन रेणू जोडले जातात आणि एक पाण्याचा रेणू बाहेर पडतो. उरतं ते पायरोफॉस्फरिक आम्ल, जे प्रोटॉन तितक्या चपळाईने पुढे देत नाही. सेल चालू असताना तो स्वतःच पाणी तयार करतो, त्यामुळे हे बऱ्यापैकी आवरलं जातं आणि ओलावा मिळाला की क्रिया उलटतेही. सेल तापलेला, पण वीज घेतली जात नाही, अशी स्थिती मात्र वाईट.

त्याहून मोठं दुखणं म्हणजे आम्लाची गळती. १६० अंशांवर आम्लाची किंचित वाफ वायूंच्या प्रवाहासोबत निघून जाते. तापमान वाढवलं की हा वेग झपाट्याने वाढतो, म्हणून १८० अंशांच्या वर जायला उत्पादक कचरतात. उलट बाजूला, सेल १०० अंशांच्या खाली आला की पाणी द्रवरूपात साचतं आणि ते आम्ल धुऊन नेतं. त्यामुळे हा सेल थंड असताना वापरताच येत नाही. आधी तो १०० अंशांच्या पुढे तापवायचा, मग वीज घ्यायची. चावी फिरवली की निघाली, अशा गाडीसाठी हे गैरसोयीचं आहे. सतत चालणाऱ्या यंत्राला मात्र फारशी अडचण नाही. जास्त तापलं तरी आम्ल जातं आणि निवलं तरी जातं, एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात या मेम्ब्रेनला जगायचं असतं.

तिसरं म्हणजे सरकणं. आम्ल जितकं जास्त, तितकं मेम्ब्रेन मऊ. दोन पाट्यांच्या दाबाखाली नऊ दशांश आम्लाचं जेल महिनोन्‌महिने गरम राहिलं की हळूहळू चेपतं आणि पातळ होतं. पीबीआय ४२५ अंशांपर्यंत कडक असतं हे खरं, पण ते कोरडं पीबीआय. वीज हवी तर आम्ल वाढवा, ताकद हवी तर कमी करा, ही ओढाताण या क्षेत्रात काम करणाऱ्यांची रोजची आहे.

आणि पॉलिमरची साखळीही कायम शाबूत राहत नाही. ऑक्सिजनचं काम अर्धवट झालं की हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. लोखंडाचा अंश सापडला की त्यातून हायड्रॉक्सिल मूलकं सुटतात. ती साखळी तोडत जातात, पापुद्रा ठिसूळ होतो आणि एक दिवस बारीक भोक पडून वायू मिसळतात.

यातला एकही बिघाड ५०० अंशांच्या आकड्यावरून ओळखता येत नाही. कित्येकदा दोष मेम्ब्रेनचा नसतोही. आम्लातला फॉस्फेट प्लॅटिनमला चिकटून ऑक्सिजनचं काम मंदावतो, म्हणून अशा सेलमध्ये प्लॅटिनमही जास्त घालावं लागतं. वारंवार चालू-बंद केल्याने प्लॅटिनमखालचा कार्बन झिजतो, तो वेगळाच.

हे सगळं सांभाळून, १६० अंशांवर संथ आणि अखंड चालवल्यास, सेल्टेक जातीच्या मेम्ब्रेनने सुमारे २०,००० तासांचं आयुष्य दाखवलं आहे. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे सव्वादोन वर्षं. वाईट नाही. पण लांब पल्ल्याच्या ट्रकसाठी अमेरिकी ऊर्जा विभागाने ठेवलेलं २०३० चं उद्दिष्ट २५,००० तासांचं आहे, आणि ट्रक संथ आणि अखंड चालत नाही.

पुण्यातलं काम

भारतात या विषयाची एक महत्त्वाची जागा म्हणजे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, अर्थात एनसीएल. एनसीएल, दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि कराईकुडीची केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था यांनी पुण्याची थरमॅक्स आणि मुंबईची रिलायन्स इंडस्ट्रीज या कंपन्यांसोबत उच्च तापमानाचा ५ किलोवॉटचा फ्युएल सेल संच विकसित केला. २६ सप्टेंबर २०१९ रोजी, सीएसआयआरच्या स्थापना दिनी, तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी त्याचं अनावरण केलं. मिथेनॉल किंवा जैव-मिथेनवर तो चालवता येतो. कार्यक्षमता ७० टक्क्यांहून जास्त असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. पण त्यात वीज आणि वापरलेली उष्णता दोन्ही धरलेली आहेत. हा आकडा पुढे पाठवताना एवढं जरूर लिहा.

हा संच कशासाठी होता, ते बोलकं आहे: मोबाइल टॉवर, डेटा सेंटर, छोटी कार्यालयं, दुर्गम ठिकाणं. म्हणजे जिथे आज डिझेल जनरेटर धडधडतो आणि यंत्र सतत चालू राहतं. वर्षभराने, ऑक्टोबर २०२० मध्ये, पुण्याच्या केपीआयटी आणि सीएसआयआरने हायड्रोजन मोटारीची चाचणी घेतली, तेव्हा तिच्यात ६५ ते ७५ अंशांवर चालणारा कमी तापमानाचा फ्युएल सेल होता. गाडीला एक मेम्ब्रेन, टॉवरला दुसरं. मला ही वाटणी आजच्या घडीला बरोबर वाटते.

आम्ल घट्ट धरायचं कसं?

पीबीआयच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवणं हा एक मार्ग. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी पापुद्रा आधी ३५० अंशांना भाजून घेतला. त्याने साखळ्या एकमेकींत गुंततात आणि आम्लात मऊ पडणं कमी होतं. सिलिकासारखी बारीक खनिज भुकटी मिसळणं हा दुसरा मार्ग. त्यावर शोधनिबंध भरपूर आहेत, पण हजारो तासांच्या चाचण्या फार थोड्यांत दिसतात.

मुळालाच हात घातला तो अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या यू सिऊंग किम यांच्या गटाने, २०१६ मध्ये. पीबीआयचा नायट्रोजन आम्लाला तसा सैलच धरतो. त्याऐवजी त्यांनी धनभारित अमोनियम गट असलेलं पॉलिमर घेतलं. त्या धनभाराशी ऋणभारित फॉस्फेटची जोडी जमते आणि ती कितीतरी पक्की असते. या मेम्ब्रेनचा सेल ८० ते १६० अंशांच्या पट्ट्यात स्थिरपणे चालला, म्हणजे ज्या खालच्या तापमानाला पीबीआयमधलं आम्ल धुऊन जातं तिथेही. गंमत अशी की कोरड्या चाचणीत अशी अमोनियम गटांची पॉलिमर पीबीआयच्या जवळपासही पोहोचत नाहीत. फक्त अंशांचा तक्ता लावला असता, तर हे मेम्ब्रेन पहिल्याच फेरीत बाद झालं असतं.